कासवाचं कुठेच चुकत नाही

कासवाचं अंडं उचलायची एक रीत आहे. वाळूतल्या खड्ड्यात त्याची जी बाजू वर असेल तीच वर ठेवून ते उचलायचं. फिरवायचं नाही, हिसका द्यायचा नाही, आणि मादी समुद्रात परतल्यावर काही तासांच्या आत हे काम उरकायचं. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कोकणच्या पुळणींवर हिवाळ्यात भल्या पहाटे मादीच्या पावलांचा माग काढत फिरणारे कासवमित्र हे काम करतात. कुत्री, कोल्हे आणि उधाणाचं पाणी यांच्यापासून घरटं वाचवायचं तर अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवावी लागतात. तिथे तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची.

एवढी काळजी कशासाठी? मादीच्या पोटात असतानाच अंड्यातल्या गर्भाची वाढ सुरू झालेली असते, पण थोडी पुढे जाऊन ती थांबते. अंडवाहिनीत प्राणवायू फार कमी असतो आणि त्या कमतरतेत गर्भ जिथल्या तिथे थबकून राहतो. समुद्र खवळलेला असो की किनाऱ्यावर माणसांची वर्दळ असो, मादीला योग्य रात्र मिळेपर्यंत गर्भ वाट पाहतो. अंडं बाहेर पडलं, त्याला हवा लागली, की काही तासांत वाढ पुन्हा सुरू होते. गर्भ बलकाच्या माथ्यावर येतो आणि त्याच्याभोवतीचं पातळ आवरण कवचाला आतून चिकटतं. तिथून पुढे त्या अंड्याला वरची आणि खालची बाजू कायमची ठरते. यानंतर कुणी ते उलटं केलं तर ते आवरण फाटतं आणि गर्भ मरतो. कोंबडी अंडी उबवताना ती दिवसातून कितीदा तरी फिरवते. कासवाच्या अंड्याला तेच प्राणघातक.

कोकणात येणाऱ्या माद्या प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीच्या. जगात समुद्री कासवांच्या जाती सात, त्यांपैकी पाच भारताच्या पाण्यात आढळतात. ऑलिव्ह रिडले त्यांतली लहानखुरी, साधारण ३५ ते ५० किलो वजनाची. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे हिच्या लाखो माद्या काही रात्रींत एकदम किनाऱ्यावर चढतात. कोकणात मात्र एकेकटी मादी येते. ती वाळू हुंगत, थांबत, स्वतःचं जड अंग ओढत भरतीच्या रेषेच्या वर जाते आणि मागच्या दोन पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. तोंडाशी अरुंद आणि तळाला फुगीर, सुरईसारखा. हा खड्डा तिच्या शेपटीमागे असतो. तो ती एकदाही पाहत नाही, सगळं काम पायांच्या स्पर्शावर चालतं. शंभरेक अंडी घालून झाली की ती वाळू लोटते, डावीकडे-उजवीकडे डोलत पोटाकडचं कवच आपटून ती घट्ट बसवते आणि समुद्राकडे वळते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. समुद्राचं पाणी पिऊन जगायचं तर अंगातलं जादा मीठ कुठूनतरी बाहेर काढावं लागतं. कासवाच्या डोळ्यांमागे त्यासाठी ग्रंथी असतात, आणि त्या समुद्रातही अखंड चालू असतात. वाळूवर आल्यावर आपल्याला त्या दिसतात, एवढंच.

आपल्या संतवाङ्मयात कासवी आपल्या पिल्लांना दुरून, नुसत्या नजरेने पोसते. मला ही कल्पना फार आवडते. प्रत्यक्षात समुद्रातली कासवी आपल्या पिल्लांचं तोंड कधीच पाहत नाही. पण तिने निवडलेली जागा पिल्लांचं पुष्कळ काही ठरवून टाकते. कासवात पिल्लू नर होणार की मादी, हे रंगसूत्रांवर ठरत नाही, ते वाळूच्या उबेवर ठरतं. घरट्यात पिल्लं तयार व्हायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. त्यांतल्या मधल्या काळात वाळू २९ अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर नर-माद्या मिसळून निघतात. त्याहून गार राहिली तर नर वाढतात, तापली तर माद्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या तरुण ग्रीन कासवांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांत ९९ टक्के माद्या निघाल्या. तापत्या वाळूचा हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इथे एवढंच लक्षात ठेवू, की या प्राण्याचं आयुष्य बाहेरून येणाऱ्या खुणा वाचण्यावर उभं आहे, आणि ते वाचन अंड्यात असतानाच सुरू होतं.

पिल्लांच्या नाकाशी एक बारीक टोक असतं, त्याने ती कवच फोडतात. पण लगेच वर येत नाहीत. काही दिवस वाळूखालीच राहून उरलेला बलक अंगात घेतात. मग एक हलली की शेजारची हलते, वरच्यांनी छताची वाळू पाडायची, खालच्यांनी ती तुडवायची, असा अख्खा घोळका एकमेकांच्या धक्क्याने वर सरकतो. पृष्ठभागाजवळची वाळू तापलेली असेल तर ती थांबतात आणि गार झाली की बाहेर पडतात. म्हणून निसर्गतः बहुतेक पिल्लं रात्री किंवा दिवस उजाडण्याच्या सुमारास येतात. तेव्हा घारी नसतात, ऊन नसतं.

बाहेर आल्यावर समुद्र कुठे हे त्यांना कुणी सांगत नाही. क्षितिजालगतचा जास्त उजळ भाग हेरायचा आणि मागच्या सुरूच्या झाडांची, टेकडीची काळी सावली टाळायची, हा पहिला नियम. पाण्यात शिरल्यावर नियम बदलतो. आता येणाऱ्या लाटेला तोंड द्यायचं, कारण किनाऱ्याजवळ लाटा नेहमी समुद्राकडून येतात. अंधारात, पाण्याखाली, डोळ्यांना काही दिसत नसताना पिल्लू लाटेचा हेलकावा शरीराने ओळखतं. बलकाच्या शिदोरीवर ते पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहतं. त्यानंतर लाटांची दिशाही भरवशाची राहत नाही. तिथे तिसरा नियम सुरू होतो, तो पृथ्वीच्या चुंबकत्वाचा.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे केनेथ लोमन यांनी फ्लोरिडाच्या लॉगरहेड जातीच्या पिल्लांवर केलेले प्रयोग मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो. ही पिल्लं अटलांटिक महासागराला मोठा वळसा घालतात. त्या फेऱ्यात पोर्तुगालच्या आसपास प्रवाहाला फाटा फुटतो. जे पिल्लू उत्तरेकडच्या फाट्यात गेलं ते थंड पाण्यात गारठून मरतं. लोमन यांनी कधीही समुद्रात न गेलेली पिल्लं टाकीत सोडली, भोवती तारांची वेटोळी लावली आणि पोर्तुगालजवळ जसं चुंबकीय क्षेत्र असतं तसं टाकीत निर्माण केलं. पिल्लं दक्षिणेकडे पोहू लागली. वेगळ्या ठिकाणचं क्षेत्र दिलं, तेव्हा त्यांनी त्या ठिकाणी जी दिशा फेऱ्यात राखून ठेवेल ती धरली. म्हणजे हजारो किलोमीटरच्या वाटेवरची वळणं ती जन्मतःच घेऊन येतात. याच गटाचं २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेलं काम तर याहून पुढचं आहे. ठरावीक चुंबकीय क्षेत्रात खाऊ घातलेली छोटी कासवं ते क्षेत्र पुन्हा लाभलं की तोंड उघडून, पुढचे पंख फडफडवत, गोल फिरू लागायची. इथे जेवण मिळतं, हे त्यांना पाठ झालेलं होतं. मोठेपणी मादी ज्या किनाऱ्यावर जन्मली त्या परिसरात अंडी घालायला परतते, त्यामागेही जन्मस्थळाच्या अशाच चुंबकीय खुणेची आठवण आहे, असं मानायला चांगला आधार मिळालेला आहे.

समुद्रात शिरलेलं पिल्लू नंतर काही वर्षं माणसाच्या नजरेला जवळपास पडत नाही. पिल्लं जातात तरी कुठे, हे कोडं सोडवण्यात आर्ची कार या अमेरिकन कासव-अभ्यासकाने आयुष्य घातलं. त्यांच्या लक्षात आलं, की दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे पाणी खाली बुडतं आणि तरंगणारं सगळं त्या रेषेवर गोळा होतं. शेवाळाचे पुंजके, त्यांतले बारीक खेकडे, कोळंब्या, माशांची अंडी. पिल्लाला लपायला जागा आणि खायला अन्न, दोन्ही एकाच ठिकाणी. खुल्या समुद्रात अशा तरंगत्या रेषा शोधायच्या आणि जे तरंगतं त्याला तोंड लावून पाहायचं, हा नियम कोट्यवधी वर्षं बिनचूक होता. समुद्री कासवांचा वंश दहा कोटी वर्षांहून जुना आहे. त्या सगळ्या काळात समुद्रावर तरंगणारी वस्तू म्हणजे एकतर अन्न, नाहीतर निरुपद्रवी लाकूड.

१९८७ मध्ये कार यांनी न कुजणाऱ्या सागरी कचऱ्याच्या धोक्याबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्या रेषांवर पिल्लं गोळा होतात त्याच रेषांवर प्लास्टिकही गोळा होतं, कारण दोघांनाही तिथे आणणारं पाणी एकच आहे. त्याच वर्षी कार वारले. त्यांनी दाखवलेल्या त्या रेषांवरचा कचरा तेव्हापासून वाढतच गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या सुमारे हजार मृत कासवांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या कासवांत प्लास्टिक गिळलेली सहात एक होती. पण अंड्यातून निघून खुल्या समुद्रात गेलेल्या पिल्लांत हे प्रमाण निम्म्याच्या वर होतं. त्यांचीच दुसरी नोंद अशी, की पोटात प्लास्टिकचे १४ तुकडे असले तर कासव मरण्याची शक्यता ५० टक्के, आणि एकच तुकडा असला तरी ती सुमारे २२ टक्के. एका तुकड्याने? हो. आतड्याच्या वळणावर अडकायला किंवा भिंतीला छिद्र पाडायला तेवढा पुरतो.

प्लास्टिकची पिशवी पाण्यात जेलीफिशसारखी दिसते म्हणून कासव फसतं, असं आपण शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांपासून ऐकत आलो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. समुद्रात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकवर जिवाणूंचा, शेवाळाचा, सूक्ष्म प्राण्यांचा बुळबुळीत थर चढतो. त्याला वास येऊ लागतो. खुल्या समुद्रात कुठे सूक्ष्मजीवांची दाटी आहे, म्हणजे कुठे खाणं आहे, हे हवेत पसरणाऱ्या अशाच वासांवरून कासवांना कळतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंधरा तरुण लॉगरहेड कासवांना नळीवाटे चार वास दिले: साधं पाणी, खाणं, स्वच्छ प्लास्टिक आणि समुद्रात भिजून थर चढलेलं प्लास्टिक. पाण्याकडे आणि नव्या प्लास्टिककडे त्यांनी लक्ष दिलं नाही. खाण्याचा वास येताच मात्र ती नाक पाण्याबाहेर काढून रेंगाळू लागली, आणि थर चढलेल्या प्लास्टिकच्या वासालाही त्यांनी अगदी तसाच प्रतिसाद दिला. म्हणजे डोळ्यांना काही दिसलं नाही तरी नुसता वास त्यांना त्या कचऱ्याकडे ओढू शकतो. बाटलीचं झाकण काही जेलीफिशसारखं दिसत नाही, तरी ते पोटात का सापडतं, याचा उलगडा मला इथे झाला.

कासवाला इथे बावळट म्हणणं अन्याय आहे. डोळा, नाक, प्रवाहाची जाण, सगळं अचूक चाललेलं असतं. बाहेरची वस्तू तेवढी नवी आहे, आणि या प्राण्याच्या लेखी सत्तर-ऐंशी वर्षं म्हणजे काहीच नाहीत. कॅनडातल्या अभ्यासकांनी लेदरबॅक कासवांच्या शवविच्छेदनाच्या १८८५ पासूनच्या चारशेहून अधिक नोंदी एकत्र लावल्या. पोटात प्लास्टिक असल्याची पहिली नोंद १९६८ ची निघाली. एकूण नोंदींपैकी तिसऱ्या हिश्श्यात प्लास्टिक होतं. आजी-आजोबांच्या हयातीत झालेला बदल आहे हा.

लेदरबॅक हा सगळ्यांत मोठा भाऊ. वजन पाचशे किलोच्या घरात, हजार मीटरहून खोल बुडी मारणारा, थंड पाण्यातही अंग ऊबदार राखणारा. आणि एवढा डोलारा उभा आहे जेलीफिशवर, ज्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. त्यामुळे त्याला सतत आणि अमाप खावं लागतं. त्याचा घसा आतून पाहिला तर अंगावर काटा येतो. तोंडापासून पोटापर्यंत मागे वळलेले टोकदार काटे, शेकड्यांनी. जेलीफिशबरोबर गिळलेलं खारं पाणी घशाचे स्नायू आवळून बाहेर टाकतात, तेव्हा बुळबुळीत सावज बाहेर निसटू नये म्हणून ही व्यवस्था. असे काटे इतर समुद्री कासवांनाही असतात. काय सुरेख रचना आहे! आणि पिशवी गिळली गेली की तीच रचना वैरी होते. परत ओकून टाकायची वाट बंद, जे आत गेलं ते फक्त पुढेच जाऊ शकतं.

पुढे गेल्यावर काय होतं? कधी आतडं तुंबतं. कधी अडकलेल्या अन्नातून वायू सुटतो, कासव फुग्यागत तरंगू लागतं आणि त्याला बुडी मारता येत नाही. बुडी नाही म्हणजे खाणं नाही, आणि येणाऱ्या बोटीपासून बाजूला होणंही नाही. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते, जिची चर्चा फार कमी होते. त्यांचं पोट इवलंसं. त्यात निकस वस्तूंनी जागा अडवली तर ती तूट भरून काढायला पिल्लं जास्त खाऊ शकत नाहीत, हे १९९९ मध्येच प्रयोगात दिसलं होतं. पिल्लू पोट भरलेलं असताना उपाशी राहतं. ते लगेच मरत नाही, फक्त वाढ खुंटते, आणि मोठ्या माशाच्या तोंडात मावण्याइतकं लहान ते जास्त दिवस राहतं.

२०१५ मध्ये कोस्टारिकाजवळच्या समुद्रात संशोधकांनी एका ऑलिव्ह रिडले नराच्या नाकपुडीतून पक्कडीने प्लास्टिकची नळी ओढून काढली. त्याचं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं आणि शीतपेयांच्या नळ्यांवर गदा आली. आली ते बरंच झालं. पण ऑलिव्ह रिडलेचा जीव घेणारं प्लास्टिक बऱ्याचदा वेगळ्याच रूपात येतं, आणि कोकणातल्या माणसाला ते चांगलं ओळखीचं आहे. नायलॉनची जाळी.

फाटलेलं, वादळात सुटलेलं, नाहीतर मुद्दाम टाकून दिलेलं जाळं समुद्रात मासेमारी थांबवत नाही. त्याच्या आडोशाला छोटे मासे, खेकडे जमतात, आणि तरंगणाऱ्या गोष्टीकडे जायचं हा जुना नियम पाळत कासव तिथे येतं. भगवद्गीतेत स्थितप्रज्ञ पुरुष इंद्रियं आवरतो ती कासव आपले अवयव आत ओढून घेतं तशी. समुद्री कासवाला हे करताच येत नाही. वेगाने पोहण्याच्या बदल्यात त्याने मान आणि पाय कवचात घेण्याची सोय सोडून दिली आहे. त्यामुळे जाळ्याचा पीळ पहिल्यांदा पुढच्या पंखांवर बसतो. सुटायची धडपड केली की तो आवळतो, रक्त थांबतं, पंख गळून पडतो. फुप्फुसाने श्वास घेणारा हा प्राणी पाण्याखाली अडकला तर बुडूनही मरतो.

मालदीवमध्ये कोळी पिढ्यानपिढ्या गळाने ट्युना पकडतात, जाळी जवळपास वापरत नाहीत. तरीही तिथे बेवारस जाळ्यांत अडकलेली कासवं सतत सापडतात, आणि त्यांत ऑलिव्ह रिडले सर्वांत जास्त. मोसमी प्रवाह ही जाळी हिंदी महासागराच्या इतर भागांतून तिथे नेऊन सोडतात. याच प्रश्नासाठी २०१३ मध्ये मालदीवमध्ये सुरू झालेल्या संस्थेचं नावच ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट आहे. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळला की जखमी कासवं किनाऱ्याला लागतात. पालघर जिल्ह्यात डहाणूला त्यांच्यावर उपचार करणारं केंद्र आहे. पंख गमावलेली कासवंही तिथे येतात. ज्या कोळ्याच्या जाळ्यात जिवंत कासव सापडलं त्याने जाळं कापून ते सोडलं, तर महाराष्ट्र शासन २०१८ च्या अखेरीपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना मला फार मोलाची वाटते. कासव सोडणाऱ्या माणसाला आपल्या पोटाला चिमटा काढावा लागू नये, हे तिने मान्य केलं. फाटकी जाळी बंदरावर परत आणणाऱ्यालाही असाच मोबदला मिळायला हवा, असं मी आग्रहाने म्हणेन. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक गेले होते ते समुद्री गरुडाची घरटी शोधायला. त्यांना वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून कोकणातलं हे सगळं काम उभं राहिलं. जिथे अंडी खाल्ली आणि विकली जायची, तिथले गावकरी राखणदार झाले. कोकणाला हे जमतं. घरट्यापाशी जमलं ते जेट्टीवरही जमेल.

शिवाय सगळंच प्लास्टिक सारखं मारक नाही. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०२० मध्ये समुद्री कासवं, पक्षी, सील, देवमासे यांच्या मृत्यूंच्या नोंदी मांडल्या, तेव्हा बहुतेक बळी मोजक्याच वस्तूंनी घेतलेले दिसले: पिशव्या आणि वेष्टनांचं पातळ, मऊ प्लास्टिक, आणि मासेमारीच्या दोऱ्या-जाळ्या. आधी हात कशाला घालायचा, ते यावरून ठरवता येतं. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला मुंबईत मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर समुद्र जे परत फेकतो, त्यात हेच मऊ प्लास्टिक ढिगाने असतं. जे परत येत नाही ते प्रवाहाबरोबर तरंगत्या रेषांकडे निघून जातं.

ते कुणाच्या वाट्याला जातं, हे आता आपल्याला थोडं कळू लागलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. त्यांतली बागेश्री दक्षिणेकडे गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. तोवर समज असा होता, की पश्चिम आणि पूर्व किनाऱ्याच्या कासवांचं जग वेगळं आहे. मग २०२५ च्या सुरुवातीला गुहागरच्या पुळणीवर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पंखावर धातूचा टॅग सापडला. तो तिला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. म्हणजे महानदीने, गोदावरीने, केरळच्या नद्यांनी आणि आपल्या वाशिष्ठीने समुद्रात सोडलेलं सगळं एकाच कासवाच्या वाटेवर येतं.

ऑलिव्ह रिडले साधारण बारा-पंधरा वर्षांनी वयात येते. २०२५ च्या त्या मोसमात गुहागरहून पाण्यात गेलेल्या पिल्लांपैकी ज्या थोड्या माद्या जगतील, त्या अंडी घालायला परततील तेव्हा २०४० च्या आसपासचं साल असेल. नायलॉनचं जे जाळं आज समुद्रात सुटलं आहे ते त्या साली अजून शाबूत असेल, कुणी ते आधी वर ओढून घेतलं नाही तर.